नऊ नंबरचा नारळ

आमच्या माळाच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यातली तीन माणसं कधीच गेली, पण जमिनीचा विषय निघाला की त्यांचंही मत कोणी ना कोणी सांगतंच. पनवेलपासून रिक्षानं वीस मिनिटांवर, डोंगराच्या पायथ्याशी हा माळ आहे. वर खडक, मधे कोरडा ओढा, खाली वालाची शेतं. नांगर घालावा तर दगडाला अडतो आणि गुरं सोडावीत तर गावात गुरं उरली नाहीत. अशा जागेवर माझ्या पुतण्याच्या मुलीनं, स्नेहलनं, मोटारसायकली आणल्या.

दर वर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तीस-चाळीस जण येतात. मुंबईचे, पुण्याचे, दोघं तर थेट नाशिकहून. खाचांचे जाड टायर, गुडघ्यांना ढाली, डोक्याला माठाएवढं हेल्मेट. येतात कशाला, तर रस्ता नाही अशा ठिकाणी गाडी चालवायला. पहिल्या वर्षी माझा चुलतभाऊ महादेव हे ऐकून म्हणाला, "आमी चाळीस वर्सं रस्ता मागतोय, आन् ही माणसं रस्ता सोडून हितं येतात?"

पण एक गोष्ट खरी. सातबाऱ्यावरची जिवंत आठ नावं वर्षातून एकदाच एका पंगतीला बसतात, ती याच दिवशी. स्वारांसाठी म्हणून माळावर पोपटी लावली जाते. मडक्यात वालाच्या शेंगा, वांगी, अंडी घालायची, वर भांबुर्डीचा पाला दाबायचा, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. त्या वासाला बांधावरून भांडणारेही येतात. स्नेहल न्हावा शेव्याला कस्टमच्या कागदपत्रांच्या ऑफिसात काम करते, राहते पनवेलला. तिला गाड्यांचं वेड आहेच, पण त्या पंगतीत ती सगळ्यांना वाढत फिरते तेव्हा तिचं तोंड पाहावं. गाडीवर बसलेली असते त्याहून खूश.

माझं, म्हणजे या बळीरामचं, काम माईकचं. छकड्यांच्या शर्यतींना तीस वर्षं मी माईकवर होतो. एकदा माझं बोलणं ऐकत एक बैलजोडी शेवटच्या रेषेवर थांबली, मी वाक्य पुरं केलं, मग तिनं रेषा ओलांडली. ज्याला खोटं वाटेल त्यानं बैलांना विचारावं.

तर गेल्या वर्षीची ही हकिगत. सोमवारी स्नेहल आणि अदीब माळ आखायला आले. अदीबचं पनवेलला एसटी स्टँडमागे मोटारसायकलचं गॅरेज आहे आणि स्वारांच्या मंडळाचा तो म्होरक्या. आधीची चार वर्षं त्यांनी शर्यतीच्या सकाळी नुसती चुन्याची फक्की मारली होती. या खेपेला स्वार दुप्पट येणार होते, वाट लांबवायची होती. म्हणून त्यांनी छत्तीस बांबू रोवले, प्रत्येकाला लाल फीत, प्रत्येकावर नंबर. एका काठीपासून दुसरीपर्यंत चुन्याची रेघ आणि मोठ्या दगडांवर लाल रंगाचा ठिपका. काम संपवून दोघं गेले.

मंगळवारी सकाळी मी माळाच्या कडेच्या मोरीच्या कठड्यावर उन्हाला बसलो होतो. महादेव स्कूटरवरून आला, थांबला आणि काठ्या कसल्या म्हणून विचारलं.

"स्नेहलच्या गाड्यांच्या," मी म्हणालो.

महादेव माझ्याकडे पाहतच राहिला. गेल्या पन्नास वर्षांत मी त्याला एवढं छोटं उत्तर कधी दिलं नव्हतं. पनवेलच्या खाडीत देवमासा शिरला, त्यानं एसटी गिळली आणि स्टँडच्या थोडं अलीकडे कंडक्टरसकट सोडली, हे मी त्याला सांगितलंय आणि त्यानं ते सासुरवाडीला सांगितलंय. अशा माणसाला दोन शब्दांत खरं सांगितलं तर त्याला पचणार कसं? त्यानं विचारलं, "खरं?"

मी डोळा मारला. सवय, दुसरं काय.

आता आमच्या भागात ज्याच्या जमिनीत चुना, काठी आणि लाल ठिपका एकत्र दिसतो, त्याला पुढचं सांगावं लागत नाही. रेल्वे म्हणा, हमरस्ता म्हणा, विमानतळ म्हणा, कशासाठी ना कशासाठी मोजणी होऊन गेलेली गावं आमच्या चहूबाजूंना आहेत. मोजणीनंतर भरपाईत काय धरतात हेही सगळ्यांना पाठ आहे. झाडं आणि बांधकाम. मोकळ्या खडकाला कोणी विचारत नाही, खडकावर आंबा असला तर त्याला विचारतात.

बुधवारी सकाळी महादेवच्या हिश्श्यात, चुन्याच्या रेघेवर, अकरा आंब्याची कलमं उभी होती. दुपारी शशिकलाच्या हिश्श्यात पत्र्याची खोली उभी राहिली. शशिकला माझी चुलत पुतणी, कामोठ्याला दिली आहे, पण जमिनीची हाक तिला कामोठ्यात ऐकू येते. खोलीला दार होतं, दाराला कुलूप होतं, आत काही नव्हतं. गुरुवारी त्या खोलीवर डिश अँटेनाही बसली. माळावर विजेचा खांब नाही.

मला तर गंमत वाटायला लागली होती. मी घरोघर चहा प्यायला फिरायला लागलो, कारण मला बघायचं होतं की माझ्या एका डोळ्यातून निघालेली गोष्ट कुठल्या घरात किती वाढते. महादेवकडे तो साधा रस्ता होता. पुढच्या आळीत सहापदरी झाला. देवळाजवळच्या घरात त्याला टोलनाका लागला आणि टोलनाक्यावर गावातल्या कोणाला नोकरी द्यायची हेही ठरलं. शशिकलाच्या बहिणीकडे पोचेपर्यंत रस्ता वर राहिला होता आणि खालून बोगदा निघाला होता, त्यात रेल्वे, आणि रेल्वेत नुसते कंटेनर, माणूस एक नाही. चुन्याची रेघ दोनदा वाकडी का, तर बोगद्याला वळण आहे म्हणून. हे मला सुचलं नसतं. बोगदा कोणाच्या डोक्यातून निघाला हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. या घरातून त्या घरात विचारत गेलो तर सगळे शेवटी एकाच नावाशी येऊन थांबले. हरेश.

हरेश म्हणजे माझा सख्खा पुतण्या, स्नेहलचा बाप. ज्याच्या परवानगीनं त्या काठ्या लागल्या होत्या तो.

शुक्रवारी सकाळी तो मला माळावर सापडला. नऊ नंबरच्या काठीजवळ, ओढ्यातून वर येणाऱ्या वाटेच्या बरोबर मधे खड्डा खणत होता. बाजूला नारळाचं रोप. त्याला म्हटलं, तुझ्याच पोरीनं तुझ्यासमोर लावलेली ही काठी, तुला तरी कळायला हवं. त्यानं खड्ड्यातून वर पाहिलं नाही.

"माझा विश्वास नाय, काका," हरेश म्हणाला. "पण झाड लावायला विश्वास कशाला लागतो?"

बोगद्याचं विचारलं तेव्हा म्हणाला, महादेव रस्ता-रस्ता करत होता तेव्हा आपण सहज बोलून गेलो, की रस्ताच कशाला, बोगदा पण काढतील. नंतर तो बोगदा चार घरं फिरून त्याच्याकडेच परत आला, आणि बाहेरून आला म्हणून त्याला जरा जड वाटला.

त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर स्नेहल आली. एकशेचौदा झाडं, तीन खोल्या आणि एक अँटेना तिनं चालत मोजली. छत्तीसपैकी एकोणतीस काठ्यांच्या आसपास काही ना काही उभं होतं. ती ओरडली नाही. माझ्याशेजारी मोरीवर बसली आणि म्हणाली, खोपोलीकडे एका बागवाल्यानं मंडळाला जागा देऊ केली आहे, कायमची. इथं अडचण असेल तर उद्या दुपारी दोनपर्यंत कळव असं अदीबनं सांगितलंय. एकदा तिकडे गेले की परत येणार नाहीत. मग तिनं विचारलं, हे सुरू कोणी केलं.

मी म्हणालो, मी तर खरं सांगितलं होतं.

"डोळा मारलात का, नाना?"

ही पोर मला ओळखते. मी मान हलवली. एक उपायही सुचवला. गावात सोडून देऊ, की झाडं दिसली तर सरकार तिथं जंगल धरतं आणि जमीन हातची जाते. उद्या सकाळपर्यंत एक रोप उरणार नाही. स्नेहलनं ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आता एकही गोष्ट नको म्हणाली. सकाळी देवळासमोर माईक लावायचा आणि खरं तेच बोलायचं, डोळे मिटून. नाहीतर या वर्षी माईक विसरायचा.

शनिवारी सकाळी मी गावदेवीच्या देवळासमोर डोळे मिटून खरं बोललो. आयुष्यात इतकं कोरडं बोललो नव्हतो. काठ्या गाड्यांच्या आहेत, रस्ता येत नाही, बोगदा येत नाही, रोपं काढून घ्या, उद्या पोपटीला या. डोळे उघडले तर सगळे एकमेकांकडे बघत होते. माझी भावजय रंभा, हरेशची आई, पायरीवर बसून ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "भावजी, तुमी खरं बोलायला लागलात म्हंजे आता लोकांना खात्रीच पटली."

बारापर्यंत एकशेचौदाची एकशेसाठ झाली. पनवेलच्या नर्सरीत आंबा संपला तसे लोक मिळेल ते आणायला लागले. शशिकलानं तेलाच्या डब्यातला मोगरा डब्यासकट पुरला. कोणीतरी शोभेचं क्रोटन लावलं आणि त्याला फणस म्हणून सांगायला सुरुवात केली.

दीड वाजता स्नेहल मोरीवर फोन हातात घेऊन बसली होती. मी थोडा लांब उभा होतो, कारण जवळ जायचं तोंड नव्हतं. रंभावहिनी काठी टेकत आली, तिनं माळाकडे पाहिलं आणि काहीतरी आठवल्यासारखी बोलायला लागली. तिच्या सासऱ्याच्या वेळी याच माळाखालून छकड्यांची शर्यत निघायची. गाडीवाले वळण मारताना शेताचा कोपरा कापायचे, कुंपणं मोडायची, दर वर्षी मारामाऱ्या. मग म्हाताऱ्यानं नियम केला. वळणावर पंच कोण, तर ज्याचं तिथं कुंपण असेल तो. हातात झेंडा त्याच्या. कुंपणाला चाक लागलं की गाडी बाद.

"त्याच्याएवढं डोळ्यात तेल घालून कोण बघणार, बाय?" वहिनी म्हणाली. "आन् पंच झाला की मारामारी कोनाशी करणार?"

स्नेहल उठून उभी राहिली. मग तिनं अदीबला फोन लावला आणि सांगितलं की सगळे या, यंदा वळणं जरा जास्त आहेत.

अदीब तासाभरात आला. सबंध वाट एकदा चालला, मधेच थांबून क्रोटनपाशी वाकला, शशिकलाच्या कुलपाला हात लावून पाहिला. मला वाटलं आता हा डोक्याला हात लावणार. परत आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "चाचा, खुदा कसम, असा ट्रॅक आखायला आमची अक्कल पुरली नसती," म्हणाला. "कोणी काढला हा?"

मी तोंड उघडलं होतं, पण स्नेहल माझ्याकडे बघत होती. म्हटलं, भावकीनं.

दुपारभर ती घरोघर गेली. रोप काढा असं कोणालाच म्हणाली नाही. उद्या नऊ वाजता आपल्या झाडाजवळ उभे राहा, एवढंच सांगितलं, आणि प्रत्येकाला एक लाल झेंडा दिला. झाडाला गाडी लागली की झेंडा वर, स्वाराचा एक गुण कमी. निकाल तुमचा, त्यावर अपील नाही. अपील नाही हे ऐकल्यावर महादेवनं झेंडा दोन्ही हातांनी घेतला. गावात त्याच्या बोलण्यावर अपील नसण्याची ही पहिलीच वेळ.

रविवारी सत्तर गाड्या आल्या. माईक माझ्याकडे होता. महादेव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या कलमाजवळ ताठ उभा. तो अजून मनातून मानत होता की हेल्मेटातली माणसं मोजणीची आहेत, तोंड झाकून आली आहेत. म्हणून प्रत्येक स्वार जवळून गेला की तो सांगायचा, "महादेव, गणपतचा मुलगा, कलम तीन वर्सांचं हाय." स्वारांना इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. ते मान हलवायचे. प्रत्येक मान हलली की महादेवच्या चेहऱ्यावर समाधान यायचं.

आणि काय सांगू, गाड्या झाडांना लागेचनात. आधीच्या वर्षांत धूळ उडवत सरळ धावायचे तेच लोक आता पाय टेकवत, हँडल वळवत, मोगऱ्याच्या डब्याला सुईत दोरा ओवावा तसा वळसा घालत होते. शशिकलानं दोघांचे गुण कापले आणि तिसऱ्याला पाणी पाजलं. गावातली माणसं कुंपणाला टेकून उभी होती. चार वर्षं त्यांनी गाड्या पाहिल्या होत्या, पण इतकं निरखून त्यांनी गाड्यांकडे पहिल्यांदाच पाहिलं असावं.

खरी अडचण नऊ नंबरला आली. मनस्वी म्हणून कामोठ्याची एक मुलगी होती, लहान चणीची, गाडी तिच्याहून मोठी. ओढ्यातून वर चढताना वेग लागतोच, आणि वर आल्या आल्या समोर हरेशचा नारळ. वळायला जागा नव्हती. सगळ्यांनी आधी तिथं कशीबशी गाडी मारून नेली होती, चौघांचे गुण गेले होते. मनस्वीनं नारळ पाहिला आणि गाडी सरळ आडवी पाडली. गाडी घसरत दगडाला आपटली, ती ओढ्यात घरंगळली. नारळाचं पान हललं नाही.

मी माईक हातात घेऊनच तिकडे धावलो.

हरेशचा झेंडा हातातच राहिला. तो धावला, आधी सवयीनं नारळाकडे, मग दोन पावलांवर थबकला आणि ओढ्यात उतरला. पोरगी उठून बसली होती. कोपर खरचटलं होतं, बाकी ठीक होती. तिनं पहिलं काय विचारलं, तर काका, झाडाला लागलं नाही ना?

हरेशनं हात पुढे केला. तिला वर आणलं, दगडावर बसवलं. मग तो गुडघ्यांवर बसला, हातांनी माती उकरली आणि नारळ मुळांसकट उपसून वाटेच्या बाजूला, तीन हात लांब नेऊन लावायला लागला. वरच्या वळणावरून महादेवनं विचारलं, सोडलंस काय रे, हरेश? तिथनं तर बरोब्बर रस्ता जातो.

"रस्ता हाच हाय, महादेवकाका," हरेश माती दाबत म्हणाला. "पोरीनं चार वर्सं सांगितलं, आता दिसला."

हे त्यानं मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण माझा माईक चालू होता आणि मी तोवर धावत त्याच्याजवळ पोचलो होतो. सबंध माळानं ते ऐकलं. माझ्या माईकवरून माझं नसलेलं एक वाक्य गेलं आणि लोकांनी ते खरं मानलं. महादेव थोडा वेळ आपल्या अकरा कलमांकडे बघत उभा राहिला. मग खाली वाकला आणि वाटेत फारच आलेली दोन कलमं त्यानं मागं घेतली. झेंडा मात्र सोडला नाही.

पोपटीला सत्तर स्वार आणि अख्खं गाव बसलं. स्नेहल वाढत फिरत होती. हरेशच्या पानात तिनं वालाच्या शेंगा जरा जास्तच वाढल्या, आणि दोघांनीही ते पाहिलं नाही असं दाखवलं. जाताना अदीब सांगून गेला, खोपोलीवाल्याला नको म्हणून कळवतो.

उन्हाळ्यात बरीच रोपं गेली. क्रोटन सगळ्यात आधी. पण स्नेहलनं एक नियम सांगून ठेवला होता, झाड मेलं की पंचाचं पद गेलं. एप्रिल-मेमध्ये मी डोळ्यांनी पाहिलंय, महादेव स्कूटरच्या पायाशी पाण्याचे दोन कॅन ठेवून माळ चढत होता. बावीस झाडं तगली. शशिकलाच्या खोलीत आता हेल्मेटं ठेवतात. अँटेना तशीच आहे.

या जानेवारीत एक दिवस मोरीवर बसलो होतो तर दोन अनोळखी माणसं माळावर तिपाई रोवून काचेतून बघत होती. जवळ जाऊन विचारलं. एक जण म्हणाला, स्नेहल मॅडमनी बोलावलंय, बावीस झाडांची वळणं नकाशावर घ्यायची आहेत. दुसऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा एक डोळा मिटला. धूळ गेली असेल. माळावर धूळ असतेच.

मी स्नेहलला फोन करून विचारू शकलो असतो. तसं केलं नाही. रिक्षा करून पनवेलला गेलो, एक आंब्याचं कलम आणलं आणि दुपारी कोणी नाही असं बघून माझ्या हिश्श्यात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, खड्डा खणला. माती लोटत होतो तर मागे स्नेहल उभी. कधी आली कळलं नाही. तिनं कलमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातली तेवीस नंबरची काठी त्याच्याशेजारी रोवली. म्हणाली, नाना, नियम सगळ्यांना सारखा. ज्याचं झाड त्यानं तिथं उभं राहायचं. माईक दुसऱ्याला.

रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी झेंडा घेऊन माझ्या आंब्याजवळ उभा होतो. माईक महादेवकडे होता, आणि तो सगळ्या माळाला सांगत होता की बळीरामचं कलम तीन वर्षांचं आहे.